सकाळचं पाणी: काझा ते ग्राम्फू, सायकलवरून

हिमाचलमधल्या स्पितीत सायकल चालवून आलो म्हटलं की लोक आधी दमाचं विचारतात. "या वयात? ऑक्सिजनचं काय केलंत?" मग चढांचं, मग थंडीचं. पाण्याबद्दल कोणी विचारत नाही. मला मात्र सांगायचंय ते पाण्याबद्दलच.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली. त्यातली बरीच वर्षं सरितामापन केंद्रांवर गेली. पुलावरून पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर सोडायचा, पातळीची गेजपट्टी वाचायची, विसर्गाचा तक्ता भरायचा आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री फोनवर आकडे सांगायचे. आपल्याकडच्या नद्या पावसाच्या तालावर चढतात-उतरतात. पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून पाणी कधी वाढेल तेही नेमकं सांगता येत नाही. हिमालयातले बर्फावरचे नाले याच्या उलट. ते रोज चढतात, रोज उतरतात, आणि बऱ्यापैकी वेळ पाळतात. पुस्तकात हे वाचलं होतं. प्रत्यक्ष पायांवर घेतलं ते या ट्रिपमध्ये.

सोबत भाचा. तिशीच्या आतला, आयटीतला, घोट्यापासून मांडीपर्यंत नुसता स्नायू. हँडलवर जीपीएस, छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा. ट्रिप त्याच्या डोक्यातून निघाली. एका अटीवर मी हो म्हटलं: रोज किती वाजता निघायचं ते मी ठरवणार, किती लांब जायचं ते तू. त्याला वाटलं मामा स्वस्तात पटला.

मनालीकडून चढलो नाही, त्याचं कारण साधं आहे. मनालीकडून कुंझुमची खिंड ओलांडायची म्हणजे दोन-तीन दिवसांत दोन हजार मीटरवरून साडेचार हजारांच्या वर. शिमल्याकडून किन्नौरमार्गे उंची हळूहळू वाढते. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथंच काढावी, हा नियम किन्नौरच्या बाजूनं फारशी ओढाताण न करता पाळता येतो. रेकाँग पिओपर्यंत एसटीच्या त्यांच्याकडच्या भावंडानं, टपावर सायकली दोरीनं आवळून. पुढे खाब, जिथं स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून नाको, मग ताबो. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. आतल्या अंधारात टॉर्चच्या उजेडात भिंतीवरची चित्रं बघितली आणि भाच्यानं पहिल्यांदाच तासभर घड्याळाकडे पाहिलं नाही. बाकी हा सगळा पट्टा डांबरी, ट्रकांचा आणि धुळीचा. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

खरी डोंगरातली सायकल सुरू झाली काझाच्या वर. लांग्झा, हिक्किम, कोमिक ही गावं नदीपासून कितीतरी उंच माळावर बसलेली आहेत. हिक्किमचं पोस्ट ऑफिस चार हजार चारशे मीटरच्या आसपास. बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, पत्र टाकलं. आम्ही पोचल्यावर बऱ्याच दिवसांनी ते घरी आलं. कोमिकपासून डेमुलला जायला पायवाट आहे, कुरणातून चढत एका खिंडीवर आणि पलीकडे उतार. सायकल बसून चालवणं कमी, ढकलणंच जास्त. या उंचीला हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवाच विरळ. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब खालच्या निम्म्याहून थोडाच जास्त. वीस पावलं ढकलायचं, थांबायचं, हँडलवर डोकं ठेवायचं. भाचा पहिल्या तासात चढ मारत गेला आणि दुसऱ्या तासात मला दगडावर बसलेला सापडला. त्याचं डोकं ठणकत होतं. डेमुलला त्या रात्री मुक्काम. या गावात पाहुणे घरोघरी पाळीनं वाटले जातात, कोणी आपल्याकडे ओढून नेत नाही. सकाळपर्यंत पठ्ठ्या ठीक झाला. गावात मटार तोडायची घाई होती. तो बाईंबरोबर तासभर शेंगा तोडत बसला आणि मी सायकलच्या टायरकडे बघत होतो.

टायरचं सांगायला हवं, कारण ही माझ्या आवडीची गोष्ट. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. कुंझुमच्या उंचीला तो साडेआठच्या आसपास येतो. म्हणजे खाली कोकणात पंचवीस पौंड भरलेला टायर नुसता वर नेला तरी, थंडीचा परिणाम सोडल्यास, एकतीस दाखवेल. दगडातून टणाटण उडायला लागतो. म्हणून वर गेल्यावर हवा सोडायची. आणि सोडताना हेही लक्षात ठेवायचं की परत भरायला हातपंप तिथलीच विरळ हवा आत घेणार, दट्टे जवळजवळ पावणेदोन पट मारावे लागणार. ट्यूबलेस टायर एकदा रिमवरून पूर्ण सुटला तर हातपंपानं तिथं बसवणं महाकठीण. म्हणून आम्ही दोघांनी ट्यूबलेस असूनही प्रत्येकी दोन ट्यूब घेतल्या होत्या. भाच्याला ते उगाच ओझं वाटत होतं. ते त्याच्या बॅगेत गेलं, कारण ओझं कोणी वाहायचं ते आमच्या करारात नव्हतं.

चिचमचा पूल ओलांडून, हंसावरून लोसर. इथं पोलिस चौकीत नाव-गाव लिहायचं. लोसर हे स्पितीतलं शेवटचं गाव. पुढे कुंझुम, आणि पलीकडे लाहौल. कुंझुमच्या अलीकडचं पाणी स्पितीतून सतलजला जातं, पलीकडचं चंद्रेला. चंद्रा पुढे तांदीला भागेला मिळते आणि चिनाब होते. खिंडीत कुंझुम मातेचं देऊळ, पताका, आणि देवळाला वळसा घालणाऱ्या गाड्या. आम्हीही सायकली धरून फेरी मारली.

गाडीरस्ता इथून नागमोडी बातलला उतरतो. पण खिंडीतूनच एक पायवाट उजवीकडे फुटते आणि डोंगराच्या कडेकडेनं थेट चंद्रतालला जाते. दहाएक किलोमीटर. डाव्या हाताला खोल खाली चंद्रा, नदीपलीकडे चंद्रभागा रांगेची बर्फाळ शिखरं, आणि चाकाखाली एक वीत रुंदीची वाट. या वाटेसाठीच तर एवढी यातायात. वाट फार चढत नाही, फार उतरत नाही, पण मुरुमाच्या घसरत्या पट्ट्यांमधून जाते आणि मध्ये ओहोळ लागतात. आम्ही खिंडीतून सकाळी निघालो होतो. पहिले ओहोळ टाचा भिजतील एवढे. पुस्तकातला तो नमुना दुपारी उलगडताना बघितला: अकरानंतर लागलेला प्रत्येक ओहोळ आधीच्यापेक्षा जोरात होता, आणि पाणी गढूळ होत चाललं होतं. भाच्याला म्हटलं, "बघ, पाणी उठलं." तो म्हणाला, "मामा, हा मोठा ओढा आहे म्हणून." वाद तिथं सोडून दिला. पुढच्या दिवसांत वाद घालायला भरपूर पाणी मिळणार होतं.

चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे. २००५ पासून ते रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ आहे. तंबूंची वसाहत दोन-तीन किलोमीटर अलीकडे. सायकली तिथं ठेवून चालत गेलो. तळ्याचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो असं सगळे लिहितात, बदलतो. पुढे चला.

तर नाल्याचं गणित. रात्री वर बर्फ गोठतं, वितळणं जवळजवळ थांबतं. सकाळी उन्हं पडली तरी पाणी लगेच वाढत नाही. बर्फ तापायला, वितळलेलं पाणी हिमनदीच्या अंगातून वाट काढायला आणि खाली पोचायला वेळ लागतो. म्हणून ऊन सगळ्यात कडक दुपारी, पण नाला सगळ्यात मोठा त्यानंतर काही तासांनी. बर्फ रस्त्याच्या जितकं जवळ, तितकी ही भरती लवकर. बातल ते छत्रू या रस्त्याला उजव्या हाताच्या डोंगरातून येणारे नाले छोटे आणि उभे आहेत, त्यांचं बर्फ अगदी डोक्यावर. तिथं संध्याकाळी चार-पाच ही सगळ्यात वाईट वेळ आणि पहाट ही सगळ्यात चांगली. नऊपर्यंत चालतं. त्यानंतर ज्यानं त्यानं आपापलं बघावं.

आता यात वेग का महत्त्वाचा. पाणी दुप्पट वेगानं धावायला लागलं की पायावरचा जोर चौपट होतो. नाला वाढतो तेव्हा खोली आणि वेग दोन्ही एकदम वाढतात. त्यामुळे सकाळी पोटरीपर्यंत असलेला नाला दुपारी फक्त गुडघ्यापर्यंत आलेला दिसतो, आणि माणसाला वाटतं, वीतभरच तर वाढलाय. त्या वीतभरात माणूस वाहून जातो. खात्यात आम्ही लाकडाचा तुकडा सोडून पृष्ठभागाचा वेग काढायचो आणि सरासरीसाठी त्याला ०.८५ नं गुणायचो. इथं मी वाळकी काडी टाकत होतो. काडीबरोबर काठावरून चालत राहता आलं तर ठीक. पळावं लागलं तर थांबायचं.

आणि कान. हिमनदीचं पाणी दुधट असतं, खडकाच्या पिठानं भरलेलं, तळ दिसत नाही. पण ऐकू येतं. पाण्याच्या खळखळाटाखाली घुडुप-घुडुप असा जाड आवाज येत असेल तर तळातले धोंडे गडगडत चाललेत. असा नाला कितीही उथळ दिसो, पाय घालायचा नाही. घोट्यावर आपटलेला एक धोंडा पुरतो.

बातलला राजमा-चावल खाऊन आम्ही पुढे निघालो तेव्हा सकाळ होती, पण कोवळी नव्हती. चंद्रतालहून यायला वेळ लागला होता. बातल सोडल्यावर रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले धोंडे रांगेत मांडलेत असा. राष्ट्रीय महामार्ग ५०५ हे नाव त्याला कागदावर आहे. काम चालू होतं, जेसीबी होते, पण बराचसा भाग जुनाच. डावीकडे नदीपलीकडे बडा शिगरीचं तोंड दिसतं, हिमाचलमधली सगळ्यात मोठी हिमनदी. बर्फ कुठंय असा प्रश्न पडतो, कारण तोंडावर सगळा दगडमातीचा ढिगारा. हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या, सायकलवर हे अंतर म्हणजे मनगटांची परीक्षा. ज्यांनी मागे कॅरिअर लावून पॅनियर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पिशव्या, टांगल्यात त्यांच्या बोल्टची परीक्षा. वाटेत भेटलेल्या एका जोडीचा कॅरिअर दोरीनं बांधलेला होता. आमच्या बॅगा फ्रेमला आणि सीटखाली पट्ट्यांनी आवळलेल्या, त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. एवढी एक गोष्ट भाच्यानं बिनचूक निवडली होती.

छोटा दर्रा नावाचा टप्पा मागे टाकल्यावर दुपारी तीनच्या सुमाराला तो नाला आला. ढाब्यांवर त्याची दोन वेगवेगळी नावं ऐकली, म्हणून नाव लिहीत नाही. रस्त्यावरूनच वाहत होता, पंधरा-वीस पावलं रुंद. अलीकडे पाच-सहा मोटारसायकली थांबलेल्या. एक जण निघाला, मध्यावर त्याचं इंजिन बंद पडलं, चौघांनी ओढून काढला. भाचा बूट घट्ट करायला लागला.

"मामा, पंधरा पावलं आहेत. छत्रू इथून तासाभरावर."

"ऐक."

"काय?"

"ऐक म्हणतोय. खाली."

तो ऐकत उभा राहिला. घुडुप. मग काही नाही. मग दोन एकदम. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की ऐकू आलं, पण कबूल करायचं नव्हतं. म्हणाला की ट्रक जातायत, ट्रकवर सायकली टाकू. खरंच एक ट्रकवाला तयार होता. मी नको म्हटलं. ट्रकचा रस्ता धरायचा असता तर काझाहून जीपच केली असती की! भाचा गप्प झाला. करारातलं कलम त्याच्या लक्षात होतं.

रस्त्याच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या पात्रापासून चांगलं उंच, दरड पडायला कडा नाही असं बघून तंबू टाकला. मग मी माझं जुनं काम केलं. पाण्याच्या अगदी कडेला एक चपटा दगड उभा रोवला, त्याच्यावर खडूसारख्या दगडानं बोटाबोटाच्या अंतरावर रेघा मारल्या. आमची गेजपट्टी. साडेतीनला दोन रेघा पाण्यात, पाचला चार. साडेसातला परत तीन. भाचा आधी तंबूत रुसून पडला होता, पण पाचच्या वाचनाला स्वतःहून आला, आणि साडेसातला मी चहा ठेवत होतो तेव्हा त्यानंच ओरडून आकडा सांगितला. आमच्या खात्यातल्या कित्येक वाचकांपेक्षा त्याचं वाचन चोख होतं.

पण त्या रात्री आभाळ आलं. ढगांची रात्र उबदार असते, जमिनीची ऊब वर निघून जात नाही, आणि वरचं बर्फ नीट गोठत नाही. पहाटे साडेचारला बघितलं तर एक रेघ अजून पाण्यात. माझ्या हिशेबानं दगड पूर्ण कोरडा पडायला हवा होता. घुडुप मात्र थांबलं होतं. आम्ही काठावर उभे राहून ठरवत होतो, तेवढ्यात पलीकडून एक गद्दी मेंढपाळ कळप घेऊन आला. तो रस्त्यावरून उतरलाच नाही. सरळ शंभरेक पावलं वर चढला, जिथं नाला पसरून पाच-सहा फाट्यांत वाहत होता, आणि तिथून मेंढ्या एकेक फाटा करत आणल्या. जवळ आल्यावर आमच्या सायकलींकडे बघून म्हणाला, "नीचे मत जाना बाबूजी, नीचे सब इकट्ठा है." एका वाक्यात अख्खं पात्रशास्त्र. पाणी तेवढंच, पण फाट्यांत वाटलं गेलं की प्रत्येक फाटा उथळ. रस्ता मात्र नेमका अशा जागी नाला ओलांडतो जिथं तो अरुंद आणि म्हणून खोल असतो. रस्ते बांधणाऱ्यांना अरुंद जागा आवडते.

वर चढून तिथूनच गेलो. मोजे काढायचे, बूट नाहीत काढायचे. अनवाणी पाय अशा पाण्यात दोन मिनिटांत बधिर होतो आणि मग कुठं पडतोय ते कळत नाही. पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा सोडायचा. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, म्हणजे पाण्यानं ओढली तर ती आपल्या अंगावर येत नाही, आणि गेलीच तर सोडून देता येते. एका वेळी एकच पाय उचलायचा, तोंड थोडं वरच्या बाजूला. चौथ्या फाट्यात माझ्या पोटरीला पेटका आला. भाच्यानं सायकल पलीकडे टाकली आणि परत येऊन माझी घेतली. न सांगता.

पलीकडे चेन पुसणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. ते खडकाचं पीठ तेलात मिसळलं की चेन आणि गिअरचे दात घासून काढतं. ब्रेक पॅडचं तर विचारूच नका. भाच्याचे रेझिनचे पॅड कुंझुमला अर्धे होते, छत्रूच्या आधीच पत्र्यावर आले. माझे सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे. आवाज करतात, पण टिकतात. ओल्या चिखलाच्या उतारावर रेझिन नेऊच नये, आणि नेलं तर जादा जोड्या न्याव्यात. त्याच्या जादा जोडीनं काम भागलं.

त्यानंतरचे नाले आठच्या आत उरकले. आम्ही पार झालो तेव्हा आदल्या दिवशीचे मोटारसायकलवाले छत्रूच्या ढाब्यात अंडी खात होते. ते रात्री ट्रकवर बसून आले होते आणि एकाचा बूट वाहून गेला होता. हम्प्ता खिंडीतून उतरलेले ट्रेकर तिथंच गाडीची वाट बघत होते. अर्ध्या तासात आम्हालाही चार जणांनी विचारलं, पुढे पाणी कसंय. भाचा उत्तर देत होता. "किती वाजता पोचणार त्यावर आहे," असं सांगायचा आणि मग वितळण्याचा सगळा हिशेब समजावून द्यायचा, ढगाळ रात्रीच्या अपवादासकट. मी अंड्याची भुर्जी मागवली.

कोणी जाणार असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. रात्री जास्त थंड, त्यामुळे सकाळी नाले लहान, आणि मटाराची गडबडही संपलेली असते. आम्ही ऑगस्टात गेलो कारण भाच्याची रजा ऑगस्टात होती. ऑक्टोबरात कुंझुम कधीही बंद होतो, तेव्हा तिकडे ताणू नका.

ग्राम्फूला डांबर लागलं. इथून एक रस्ता खाली कोकसरला, दुसरा वर रोहतांगला, ३,९७८ मीटर. भाच्यानं वरचा धरला. मी कोकसरला उतरून पिकअपमध्ये सायकल टाकली आणि अटल बोगद्यातून, नऊ किलोमीटर बसल्या जागी, मनालीला पोचलो. तो संध्याकाळी आला, चिखलानं माखलेला. रोहतांगच्या पलीकडल्या उतारावर धुक्यात काहीच दिसलं नाही म्हणाला. मी विचारलं, वाटेत ओढे कसे होते? त्यानं खिशातून मोबाईल काढला. तीन ओढ्यांचे फोटो, प्रत्येकाच्या कडेला उभा केलेला पंप, आणि खाली वेळ.